दहाव्याचा फोटू

१

गहिनीनाथाच्या लेन्सचं नेकनुरात सगळ्यांना कौतुक. हातभर लांब, पांढरी, पुढं तांब्याच्या तोंडाएवढी काच. ती खांद्याला अडकवून तो नायगावच्या टेकड्यांत मोर काढायला जायचा, आणि दोनशे पावलांवर माणूस बसलाय हे मोराच्या गावीही नसायचं. सभा असली की मंडपाच्या शेवटच्या खांबाला टेकून स्टेजवरच्या पुढाऱ्याच्या मिशीतला पांढरा केस टिपायचा. लग्नात तर तिचा उपयोग सगळ्यात मोठा. जवळून कॅमेरा रोखला की बायका पदर सावरतात, ओठ आवळून घेतात. लांबून काढलं की माणूस असतो तसा सापडतो. नवरीची आई खांबाआड डोळे पुसताना, मामा तिसरी जिलबी उचलताना. वर आणखी एक गुण होता. तोंडामागचं सगळं ती काच धुक्यासारखं विरघळवून टाकायची. मागे उकिरडा असला तरी फोटोत बाग वाटायची.

गहिनीनाथ आप्पारावांचा एकुलता एक मुलगा. आप्पाराव म्हणजे गावातलं वजनदार माणूस, बैठकीत त्यांच्या अगोदर कुणी तोंड उघडायचं नाही. माघात त्यांची बायको मनकर्णा गेली. सवाष्ण गेली म्हणून हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. तालुक्यातून गाड्या आल्या, पुढारी आले. पोरानं टोपी काढली आणि अग्नी द्यायला पुढं झाला, तर आप्पारावांनी त्याचं मनगट धरलं.

"अग्नी मी देतो. दहावाबी मीच करतो. तू फोटू काड. तुझ्यासारखी काच हाय का कुनाकडं?"

बद्रीनाथ गुरुजींनी एकदा आप्पारावांकडं पाहिलं आणि मडकं त्यांच्या हातात दिलं. गहिनीनाथाची बायको मोहिनी बायकांच्या घोळक्यात उभी होती. ती हळूच जवळ येऊन म्हणाली, "अवो, माय हाय ती तुमची."

"मग? काडायला मानूस लागतोच की."

ती परत बायकांच्या घोळक्यात गेली.

फोटोचा एवढा आटापिटा कशापायी, ते गावाला ठाऊक होतं. आदल्या वर्षी बंकटरावाच्या आईच्या पिंडाला कावळा शिवला नव्हता. उन्हं कलेपर्यंत माणसं ताटकळली, आणि मग वर्षभर गावानं चघळलं, की म्हातारीला उपाशी ठेवलं असंल, म्हातारीची जमीन लाटली असंल. बंकटराव निवडणुकीत पडला तेव्हाही लोकांनी तोच कावळा काढला. इथं तर बोलायला विषय तयारच होता. आप्पारावांची लेक वनमाला पाच वर्षांपूर्वी मेंढरं राखणाऱ्या घरातल्या अंगदशी आपल्या मर्जीनं लग्न करून सिरसाळ्याला गेली, आणि त्या दिवसापासून तिला माहेरचा उंबरा बंद होता. आई गेली तेव्हाही आप्पारावांनी निरोप धाडू दिला नाही. लेकीत जीव अडकलाय, कावळा शिवायचा नाही, असं बायका आडून बोलत होत्या. म्हणून आप्पारावांना कावळा पाहिजे होता, आणि पुरावा पाहिजे होता.

२

दहाव्याला ओढ्याकाठी पन्नास-साठ पुरुष जमले. गहिनीनाथ दीडशे पावलांवर एका बाभळीमागं बसला, कारण हल्ली कावळे माणसाला बिचकतात, त्यात कॅमेरेवाला दिसला तर फिरकतच नाहीत. लेन्समधून पिंड हाताशी असल्यासारखा दिसत होता. भातावरचे तीळ मोजावेत इतका. आप्पाराव मुंडण करून हात जोडून उभे होते. सवय नसल्यानं त्यांचं डोकं सोललेल्या भोपळ्यासारखं चमकत होतं.

समोरच्या लिंबावर चार कावळे बसलेले. एक तास गेला. कावळे चोच घासत होते, पंखात मान घालत होते, पण खाली येईनात.

"आप्पा, काय ते बोला," चुलत्यांपैकी कुणीतरी म्हणालं.

"तुझ्या मनासारखं करीन," आप्पाराव पिंडाकडं बघून म्हणाले.

"कशाचं ते बोला की. वनमालाचं बोला."

आप्पारावांना ते ऐकू आलं नाही, किंवा आलं.

बाभळीमागं गहिनीनाथाला राहवलं नाही. कॅमेरा मांडीवर ठेवून त्यानं हात जोडले आणि पुटपुटला, "माय, वनीला मी आनतो. आप्पाला न इचारता आनतो." मग डोळा परत काचेला लावला. कावळे तसेच.

त्यानं बटण अर्धं दाबलं. लेन्सनं कट् आवाज केला आणि पिंड पुसट झाला. आप्पाराव पुसट झाले. सगळी माणसं दुधात बुडाल्यासारखी झाली, आणि त्यांच्या अलीकडं, वीसेक पावलं अलीकडं, रिकाम्या रानातला वाळक्या गवताचा एक तुकडा लख्ख उमटला. काडी न् काडी. गवत तेवढ्या जागेपुरतं दबलेलं होतं. काचेच्या कडेला काहीतरी हिरवं हललं आणि गेलं.

गहिनीनाथानं डोळा काढून बघितलं. मोकळं रान, ओढा, माणसं. माघातलं गवत, सगळं पिवळं. हिरवं पान नाही, आणि दहाव्याला ओढ्यावर बाईमाणूस येत नाही.

लांबच्या लेन्सची ही खोड त्याला माहीत होती. मधे एखादं काडूक आलं की यंत्र फसतं, लांबचं सोडतं आणि जवळचं धरतं. त्यानं मनाशी तेच म्हटलं. परत बटण दाबलं. लेन्सनं परत तेच गवत धरलं.

शेवटी उन्हं कलली तेव्हा गुरुजींनी दर्भ वळून कावळा केला आणि तो पिंडाला टेकवला. माणसं एकमेकांकडं न बघता अंघोळीला उतरली.

३

त्याच दिवशी घरी आल्यावर आप्पाराव ओसरीवर बसले आणि म्हणाले, "गहिन्या, कावळा बसव."

"आँ?"

"कांप्युटरवर. नवऱ्याच्या डोक्यावर जेट इमान बसवतोस, मग कावळा बसत न्हाई व्हय?"

"आप्पा, तिथं पन्नास मानसं होती."

"ती मानसं आंघुळीला गेल्यावर शिवला. तू थांबलतास, तू काडला. कोन येतंय इचारायला?"

गहिनीनाथाकडं कावळ्यांचे शंभर फोटो पडलेले होते. हात बसावा म्हणून काढलेले. त्यातला मान वाकवलेला एक त्यानं निवडला, कापला, पिंडाशेजारी ठेवला, चोचीत दोन शितं भरली. ऊन कुठल्या बाजूचं आहे ते बघून पायाखाली सावली काढली. पाऊण तास लागला. काम असं बेमालूम की त्याला स्वतःलाच क्षणभर बरं वाटलं.

मोहिनी चहा ठेवायला आली आणि पडद्याकडं बघत उभी राहिली.

"मग आत्याबाई जेवल्या म्हनायच्या का?"

"लोकं म्हनतील."

"लोकं न्हाई. मी तुमाला इचारतेय."

त्यानं चहा ओढून घेतला.

फोटो तासाभरात गावच्या सगळ्या फोनांवर गेला. बंकटरावाचासुद्धा फोन आला. वहिनी पुण्यवान होत्या, म्हणाला. आप्पाराव त्या रात्री घोरत झोपले. आता पिंड परत ठेवायची सोयच उरली नव्हती. जेवलेल्या माणसाला कोण वाढतं?

४

फाल्गुनात तलवाड्याचं लग्न होतं. मोठं घर, दोन हजार पान. गहिनीनाथानं नेहमीसारखं मंडपाच्या टोकाला उभं राहून काढलं. कॅमेऱ्याच्या मागच्या इवल्या पडद्यावर सगळं ठीक वाटलं. घरी येऊन मोठ्या पडद्यावर लावलं, तर नवरी पुसट. नवरा पुसट. अंतरपाट नुसता पांढरा ढग. आणि स्टेजच्या अलीकडं, खुर्च्यांच्या दोन रांगांमधल्या मोकळ्या जागेत, लाल जाजमाचा पट्टा असा स्वच्छ, की त्यावर पडलेली अक्षत दिसत होती.

एक फोटो चुकतो. दहा चुकतात. इथं एकशेचाळीस होते.

नवरीच्या बापाचा फोन आला. "गहिनीनाथराव, लेकीचं लगीन सांगितलं होतं तुमाला. सतरंजीचं न्हाई."

त्यानं फोटो वेळेनुसार मांडले आणि नीट बघितले. हळदीच्या वेळी साफ दिसणारा पट्टा स्टेजजवळ होता. मंगलाष्टकांच्या वेळी तो खुर्च्यांच्या तिसऱ्या रांगेपाशी आला होता. पाठवणीच्या वेळी मंडपाच्या मधोमध. जाजमाची लव प्रत्येक ठिकाणी तेवढ्यापुरती दबलेली होती. कुणी मांडी घालून बसून उठलं की दबते तशी.

त्याची बुद्धी अजून शाबूत होती. ती म्हणाली, लेन्सची मांडणी हलली असेल, ती जरा अलीकडंच धरत असेल. असं होतं. त्यानं भिंतीवर वर्तमानपत्र डकवून तपासलं. अक्षर न् अक्षर बरोबर. मोकळ्या खोलीत लेन्स बरोबर, भिंतीसमोर बरोबर. लांबचं काढायला बाहेर नेलं की तिचं बिनसायचं.

चैत्रात तो मोरांना गेला. सकाळचं ऊन, दगडावर मोर, पिसारा पूर्ण उघडलेला. असा मोर चार वर्षांत मिळाला नव्हता. त्यानं बटण दाबलं. मोर विरघळला. गहिनीनाथापासून जेमतेम पंधरा पावलांवरची माती साफ दिसली, धुळीचा कण न् कण. धूळ एका जागी चेपलेली होती. बाजूला वाळलेल्या काटक्या होत्या, त्या वाऱ्यानं हलत होत्या. तेवढ्या जागेतली मात्र एक काडी हलत नव्हती.

मोर ओरडला आणि उडाला. कुणाला बघून उडाला, हे कळेना, कारण गहिनीनाथ तर दगडासारखा बसला होता.

५

वैशाख लागला आणि लेन्सनं धरणंच सोडलं.

डोळा लावला की समोर नुसतं हिरवट धुकं. बटण दाबलं की आत चक्र फिरायचं, घर्र करून एका टोकाला जायचं, घर्र करून दुसऱ्या टोकाला. शोधायचं आणि सापडायचं नाही. त्यानं ती बीडला एका दुरुस्तीवाल्याकडं नेली. दुरुस्तीवाल्यानं दुकानात उभं राहून रस्त्यापलीकडची पाटी धरली, विजेच्या तारेवरचा पोपट धरला. कट्, कट्. एकदाही चुकली नाही.

"हिला काय झालंय? ठणठणीत हाय की."

"माझ्या हातात धरत न्हाई."

"लई जवळचं धरायला बघत असाल. हिला नऊ फूट तरी अंतर लागतं. त्याच्या आत काय बी आलं तर हिला ते दिसत न्हाई, नुसता धूर दिसतो. मोठ्या लेन्सचं असंच आसतंय, लांबचं सगळं कळतं, पुढ्यातलं कळत न्हाई."

हे गहिनीनाथाला शिकवायला नको होतं. हेच वाक्य त्यानं स्वतः एकदा वापरलं होतं.

गेल्या दिवाळीला मनकर्णेचे पाय सुजले आणि डॉक्टरांनी मान हलवली. तिचा एकटीचा एकही फोटो नव्हता. लग्नाकार्यातल्या घोळक्यातून तोंड कापून, मागे निळा रंग भरून हाराचा फोटो करायचा, हे काम गहिनीनाथ गावासाठी दर महिन्याला करायचा. आपल्या आईचा तरी नीट असावा, असं त्याला वाटलं. त्यानं तिला अंगणात खाटेवर बसवलं, मोहिनीकडून नवं हिरवं लुगडं नेसवून घेतलं, आणि स्वतः फाटकापाशी जाऊन उभा राहिला. लांबच्या लेन्सनं चेहरा गोड येतो, सुरकुत्या मऊ होतात.

"जवळ ये की रे," ती म्हणाली. "त्या नळकांड्याआड तुजं तोंडबी दिसंना मला."

"माय, जवळ आलो तर हे धरत न्हाई. लांबूनच चांगली येतीस तू."

तिनं नव्या लुगड्याची घडी चाचपली. मग म्हणाली, "हारासाठी काडतोस न्हवं?"

त्यानं डोळा काचेला लावला. बटण दाबलं. तोच फोटो आता ओसरीवर होता. येणारा जाणारा म्हणायचा, काय जिवंत फोटो काढलाय.

बीडहून एसटीनं परतताना त्यानं हिशेब नव्यानं मांडला नाही, कारण मांडायला काही उरलं नव्हतं. ओढ्यावर वीस पावलं. मंडपात खुर्च्यांची रांग न् रांग. मोरापाशी आणखी अलीकडं. आणि आता नऊ फुटांच्या आत. शेजारच्या सीटवर कुणी बसलं नव्हतं. गाडी भरलेली होती, माणसं दांड्याला लोंबकळत होती, तरी कुणी बसलं नाही. असतं एखाद्याला उभं राहायला बरं वाटत, असं तो स्वतःला सांगत राहिला.

त्यानं मोहिनीला एवढंच सांगितलं, "मी मायला शब्द दिलता. वनीला आनतो म्हनून. तो राहिलाय, म्हनून हे सगळं."

"कसलं सगळं?"

"तू पिशवी भर."

मोहिनीनं साडी-खण काढून दिला. आप्पारावांना कुणी विचारलं नाही.

६

वनमालाचं घर सिरसाळ्याच्या कडेला होतं. दोन खोल्या, पुढं पत्र्याचा सोपा, बाजूला मेंढरांना जाळीचं कुंपण. अंगद मेंढरं घेऊन रानात गेलेला. भर दुपार. पाच वर्षांनी भाऊ दारात बघून वनमाला रडली नाही, हसलीही नाही. तिनं पायावर पाणी दिलं, सोप्यात पोतं अंथरलं.

"बस दादा. वाट बरी सापडली."

तो मांडी घालून बसला. साडी-खण पुढं ठेवला. बोलायचं सगळं एसटीत जुळवलेलं होतं, ते एका दमात बोलला. "चल घरी. आप्पाचं मी बघतो. माय तुला न बघता गेली. तिचा जीव तुझ्यात आडकलाय, वने."

"कोन म्हनलं?"

"कोन कशाला पायजे? सगळं गाव म्हनतंय."

वनमाला अंगणातल्या बाजेवर बसली. चांगली पंधरा-वीस हातांवर. "दर गुरुवारी बोलायची ती माज्याशी. शेजारच्या चंद्रभागाबाईच्या फोनवरून. पाच वर्सं, एक गुरुवार चुकला न्हाई. आप्पा बैठकीत, तू लगनात. दोनदा तर बीडच्या स्टँडवर येऊन भेटली. तास-तास बसलो आमी. लुगडं घेतलं मी तिला, डोकं इचरून दिलं. आमच्या दोघींचं काय राहिलं न्हवतं, दादा. मरायच्या आदल्या गुरुवारी सांगितलं तिनं मला, मी गेल्यावर तू येऊ नको, तमाशा हुईल, मी तुला बगून घेतलं."

गहिनीनाथ साडी-खणाची घडी सरळ करत राहिला.

"म्हनून तर तो कावळ्याचा फोटू आला तवा मी रडले न्हाई. म्हनलं, जेवली, सुटली."

"कावळा शिवला न्हाई, वने. तो मी चिटकवला."

जाळीतलं एक आजारी मेंढरू ओरडलं आणि गप्प झालं.

"पिंड कुनी ठिवला?"

"आप्पानं."

"आन् तू?"

"बाभळीमागं. फोटू काडत."

वनमालानं बाजेची सैल दोरी ओढली. "मग कुनासाठी थांबली ती?" असं म्हणाली, पण त्याला विचारल्यासारखं नाही.

"माजं काय बोलायची का फोनवर?"

"तुजं?" ती आठवत राहिली. "काईच न्हाई. तुजं नाव निघालं की गप व्हायची. मला वाटायचं फोन कट झाला. हॅलो हॅलो करायचे मी."

गहिनीनाथानं पिशवीतून कॅमेरा काढला. ओढ्यावरचा खरा फोटो, कावळा नसलेला, तिला दाखवावा म्हणून त्यानं आणला होता. पण कॅमेरा चालू न करता तो नुसता हातात धरून बसला. मग एकदम उठला, तिच्या मांडीवर कॅमेरा ठेवला आणि परत पोत्यावर येऊन बसला. "तू बघ. मला दिसत न्हाई. माझ्या हातात ती धरत न्हाई."

त्याचा पहिला कॅमेरा वनमालानंच सांभाळलेला होता, तिला धरायचं शिकवावं लागलं नाही. तिनं ती पांढरी नळी डाव्या तळहातावर पेलली, डोळा लावला आणि त्याच्यावर रोखली. घर्र झालं नाही. चक्र फिरलं नाही. एकच आवाज आला, कट्, आणि लेन्सनं धरलं.

वनमाला हलेना. तिच्या कपाळावरून घाम ओघळून भुवईत गेला, तो तिनं पुसला नाही.

"काय दिसतंय?"

"थांब."

"वने."

"बसलीया," ती म्हणाली.

"कुठं?"

"तुज्यापुढं. गुडघ्याला गुडघा लावून. माज्याकडं पाठ हाय तिची."

गहिनीनाथाच्या पुढं पोत्याची कड होती, साडी-खण होता, सारवलेली जमीन होती. ऊन होतं. दुसरं काही नव्हतं.

"माज्याकडं बघतीय का?"

वनमालानं कॅमेरा खाली घेतला. साध्या डोळ्यांनी एकदा तिकडं पाहिलं, आणि मग घाईघाईनं डोक्यावर पदर घेतला, वडीलधारं माणूस समोर आल्यावर घेतात तसा. कॅमेरा बाजेवर ठेवताना तिनं काच भिंतीकडं केली.

"मी न्हाई येत, दादा. माज्यासाठी न्हाई आली ती."

"वने, मी काय करू पर?"

"मला काय म्हाईत. मला कदी सांगितलं न्हाई तिनं."

ती आत गेली. कडी लावल्याचा आवाज झाला नाही, पण दार लोटलेलं होतं.

गहिनीनाथ तिथंच बसून राहिला. ऊन सोप्याच्या आत सरकत आलं, पोत्यावर चढलं, त्याच्या नडगीपर्यंत पोचलं आणि गुडघ्याच्या अलीकडं हाताएवढ्या जागेत पडायचं राहिलं. पायांना मुंग्या आल्या होत्या, मांडी मोडायला पाहिजे होती. मांडी मोडायची तर गुडघा अगोदर पुढं घ्यावा लागतो. तो घ्यायची त्याची छाती झाली नाही.